चित्राला कसलं आलंय संशोधन?

मागच्या वेळी आपण कर्जाच्या नोंदवहीबद्दल बोललो होतो. आजही वहीबद्दलच बोलायचंय, पण ती वही वेगळी आहे.

दिवाळीनंतरच्या बैठकीतली गोष्ट. खोपोली लाइनवरच्या आमच्या एका गटाने एका सदस्य ताईला १५,००० रुपये अंतर्गत कर्ज दिलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलीचं शिक्षण’. मुलगी बीएफएच्या, म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला. रंग, कागद, बोर्ड, लोकलचा पास यातच पैसे गेले. आणि दिवाळीत मुलगी घरी येऊन म्हणाली, मी नाही जाणार परत. तिचं काम सरांनी दोनदा परत केलं होतं. चित्र चांगलंय, पण यात तुझं संशोधन काही दिसत नाही, असं म्हणाले होते.

बैठकीत आईने हे सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या ताई म्हणाल्या, “अगं, पण चित्राला कसलं आलंय संशोधन? ते काय औषध आहे का?” आम्ही हसलो, पण उत्तर आमच्याकडेही नव्हतं. आम्ही बीए झालेल्या, पण चित्रकलेशी संबंध इंटरमिजिएटच्या परीक्षेपुरता. कर्ज मात्र गटाचं होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलगी आमची होती. म्हणून तिच्याशी बोललो, तिच्या वह्या पाहिल्या, थोडं वाचलं, थोडं फिरलो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

संशोधन म्हटलं की आपल्या भागातल्या बाईला पहिलं काय आठवतं? कर्जतचं भात संशोधन केंद्र. कर्जत-३ हे हळवं वाण आपल्यापैकी कितीतरी जणींनी लावलेलं आहे. आता ते वाण तयार कसं होतं बघा. कुणी एक दिवस उठून नवीन भात शोधून काढत नाही. शेजारी शेजारी छोटे वाफे करतात, प्रत्येकात वेगळं बी, प्रत्येकाला पाटी. कधी पेरलं, कधी निसवलं, किती पडलं, रोग किती आला, सगळं लिहून ठेवतात. बहुतेक वाफे उपयोगाचे निघत नाहीत, पण त्यांचीही नोंद होतेच. मग पुढच्या हंगामात पुन्हा लावायचं.

चित्रकलेच्या मुलीने करायचं ते जवळपास हेच आहे. मोठं चित्र म्हणजे शेत. त्याआधी छोटे छोटे वाफे करून बघायचे. एकच गोष्ट वीस तऱ्हांनी काढायची, वेगवेगळ्या कागदावर, कोळशाने, शाईने, चिंध्यांनी. माणसांना विचारायचं, जुनं बघायचं, आणि सगळं तारखेसह वहीत ठेवायचं. फरक एवढाच की भाताच्या केंद्रात शेवटी आकडा मिळतो, एकरी उतारा मिळतो. चित्रात तसा आकडा नसतो. त्यामुळेच मुलांना वाटतं की मनाला येईल ते काढलं की झालं. तिथेच पहिल्या वर्षाची मुलं अडकतात, आणि आमचीही अडकली होती.

तिला दिलेलं काम असं होतं, की आपल्या परिसरातली एक गोष्ट निवडा, तिचा अभ्यास करा आणि त्यावरून काम करा. तिने काय केलं, तर मोबाइलवर ‘आदिवासी कला’ शोधलं, वारली चित्रं आली, त्यातली माणसं, झाडं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा फेर हे सगळं एका मोठ्या कागदावर गेरूच्या रंगावर पांढऱ्याने काढलं. दिसायला खरंच सुबक होतं. आम्ही असतो तर बैठकीच्या खोलीत लावलं असतं.

पण तायांनो, वारली चित्रं डहाणू, तलासरी, जव्हारकडची. आपल्या डोंगरपट्ट्यात वाड्या आहेत त्या मुख्यतः ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या. आपल्याकडच्या फार्महाऊसच्या आणि रिसॉर्टच्या भिंतींवर वारली रंगवतात ते पाहुण्यांसाठी, आणि ते बघून बघून आपल्याच मुलींना ते आपल्या वाडीतलं वाटायला लागलंय. ‘तुझ्या परिसरातली गोष्ट’ असं विचारल्यावर मुलीने रिसॉर्टची भिंत काढून दिली, असंच म्हणायला हवं. तिची चूक म्हणून आम्ही हे सांगत नाही. मोबाइल पहिल्यांदा जे दाखवतो ते सगळ्या जगाला दाखवतो. त्यात तिचं असं काही सापडणार कुठून?

वारली कागदावर आली कशी हीसुद्धा संशोधनाचीच गोष्ट आहे. पूर्वी लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सुवासिनी चौक काढायच्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, काडीने. ते काम बायकांचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिकडे गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. त्याआधी बिहारात १९६६-६७ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मधुबनी भागातल्या बायकांना कागद नेऊन देण्याच्या कामातही ते होते. डहाणूजवळ गंजाडला ते गेले ते एका दिवसात फोटो काढून परत आले नाहीत. तिथे राहिले, लोकांशी ओळख केली, कागद आणि रंग दिले, आणि कोण कसं काढतं ते पाहिलं. गंजाडचे जिव्या सोमा मशे त्यातून पुढे आले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांच्या हातात जादू होती यात शंका नाही. पण आम्हाला एक गोष्ट टोचते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. भिंतीवर काढणाऱ्या होत्या त्या बायका. चित्र कागदावर आल्यावर जगभर गाजलेली नावं मात्र बहुतेक पुरुषांची. भिंतीवर काढणाऱ्या त्या सुवासिनींची नावं कुठे लिहिलेली आहेत? हा प्रश्न मनात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

तर आता आमच्या मुलीचं पुढे काय झालं?

आम्ही तिला विचारलं, तुझ्या घरात असं काय आहे जे मुंबईच्या मुलीने पाहिलेलं नसेल? ती म्हणाली, काही नाही. आई म्हणाली, माळ्यावर आजीचं इरलं आहे. मुलगी म्हणाली, त्यात काय बघायचं? तरी खाली काढलं. धूळ झटकली. पानं बरीच गळली होती, पण बांबूचा सांगाडा धड होता.

आपल्यापैकी ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना इरलं सांगायला नको. ज्या लहान आहेत त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या बारीक कामट्यांच्या जाळीचे दोन थर, मध्ये पळसाची पानं एकावर एक बसवलेली. डोक्यावरून पाठीवर उतरणारी कासवाच्या पाठीसारखी वस्तू. आता लावणीला आपण प्लास्टिकचा कागद गुंडाळतो, तो वाऱ्याने उडतो, आत घाम सुटतो, पण दुकानात लगेच मिळतो. इरलं विणायला दोन दिवस आणि विणणारं माणूस लागतं.

पहिल्या दिवशी मुलीने इरलं भिंतीला टेकवून ठेवलं आणि चित्र काढलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आम्ही पाहिलं, बरं होतं, पण मेलेल्या वस्तूसारखं दिसत होतं. तिलाही कळत होतं की काहीतरी चुकतंय. मग ती मोजायला लागली. उंची, रुंदी, एका जाळीच्या भोकाला किती बाजू. सहा निघाल्या. सहा का, चार का नाही, असं तिने वहीत लिहिलं. आम्हाला विचाराल तर तिचा पहिला खरा प्रश्न हा. मोबाइलला विचारला असता तर काहीतरी उत्तर आलंही असतं, पण तिने जुनी वर्तमानपत्रं कापून पट्ट्या केल्या आणि चौकोनी वीण आणि सहाकोनी वीण अशा दोन्ही विणून पाहिल्या. चौकोनी वीण ओढली की तिरकी होते, कलते. सहाकोनी तशी सरकत नाही, कारण पट्ट्या तीन दिशांनी जातात आणि एकमेकींना धरून ठेवतात. हे तिला तिच्या बोटांनी कळलं. वहीत दोन्ही नमुने चिकटवलेले आहेत, फसलेलासुद्धा.

मग ती आईला म्हणाली, हे घालून दाखव. डिसेंबर महिना, अंगण कोरडं ठणठणीत. आईने पदर खोचला, इरलं डोक्यावर घेतलं आणि लावणी करताना वाकतो तशी वाकली. त्या क्षणी ती वस्तू बदलली. उभ्या बाईच्या पाठीवर इरलं ओझ्यासारखं लोंबतं. वाकल्यावर ते छप्पर होतं. पाणी मागे निथळतं, आणि दोन्ही हात मोकळे राहतात, एक मूठ धरायला, एक रोप खोचायला. म्हणजे इरल्याचा आकार उभ्या माणसासाठी नाहीच. तो वाकलेल्या बाईच्या पाठीचा आकार आहे. मुलीने त्या दिवशी एका तासात चाळीसेक झटपट रेखाटनं केली. आई मध्येच म्हणाली, “आटप गं, कंबर गेली.” तेही तिने वहीत लिहिलंय.

भिंतीला टेकवून काढलेलं पहिलं चित्र निर्जीव का होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. वस्तू जिथे वापरतात तिथे, जिच्या अंगावर वापरतात तिच्यासोबत बघायची. नवशिक्यांना कॉलेजात शिकवतात तो अभ्यास म्हणजे हा. चित्र काढणं हीच विचारण्याची एक पद्धत असते. हात चालतो तेव्हा डोळ्यांना नुसतं बघून न दिसलेलं दिसतं.

पुढचं पाऊल अवघड होतं. विणणाऱ्याला विचारायचं. जवळच्या ठाकरवाडीत एक आजी अजून इरलं विणतात. मुलगी मोबाइल घेऊन गेली आणि थेट शूटिंग सुरू केलं. आजींनी काम खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “तू माझं चित्र काढून मोठी होशील. मला काय?” मुलगी रडवेली होऊन परत आली.

आमच्या बैठकीत यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. काही जणींना वाटलं आजी पैशाला लागल्या. बाकीच्यांना, आणि आम्हालाही, वाटलं की आजींचं बरोबर आहे. मघाशी वारलीच्या सुवासिनींचा प्रश्न ठेवला होता, तो हाच. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांचा दिवस मोडतो. शेवटी असं ठरलं की आजींना दोन दिवसांची मजुरी द्यायची, फोटो किंवा रेकॉर्डिंग विचारूनच करायचं, त्यांनी नको म्हटलं ते वहीतही लिहायचं नाही, आणि काम कुठेही मांडलं तर त्यांचं नाव त्यांना हवं असेल तसं लिहायचं. मजुरी आईने दिली. दुसऱ्या खेपेला मुलगी मोबाइल पिशवीत ठेवून गेली, सकाळभर आजींसोबत कामट्या तासत बसली, बोट कापून घेतलं. दुपारी आजींनी स्वतःच सांगितलं, आता काढ तुझा फोटो.

त्या एका दिवसात तिला जे मिळालं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. बांबू कोवळा असेल तर नंतर आकसतो आणि वीण सैल पडते. पानं कशी लावायची याला क्रम आहे, घरावर कौलं बसवतो तसा, खालून वर, म्हणजे पाणी आत शिरत नाही. आणि आजींचं एक वाक्य, की इरल्यात वाकलेल्या बायका शेजारी शेजारी असल्या तरी एकमेकींचं तोंड दिसत नाही, म्हणून लावणीला गाणी लागतात. हे शेवटचं खरं आहे की आजींचं मत आहे? मुलीने वहीत त्यापुढे ‘आजींचं म्हणणं’ असं लिहिलंय. हे आम्हाला फार आवडलं. तिच्या वहीत तीन खुणा आहेत. स्वतः पाहिलं त्याला डोळा, दुसऱ्याकडून ऐकलं त्याला कान, आणि आपला अंदाज त्याला प्रश्नचिन्ह. आपल्या गटाच्या इतिवृत्तातही अशा खुणा असत्या तर निम्मी भांडणं वाचली असती.

वहीचं महत्त्व किती, याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. प्रभाकर बरवे हे नामवंत चित्रकार १९३६ साली अलिबागजवळच्या नागावला जन्मले. जे. जे.त शिकले, विणकर सेवा केंद्रात बरीच वर्षं नोकरी केली. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, शंख, बटण अशा साध्या वस्तू असतात, पण त्या अशा ठेवलेल्या की आपण थबकतो. ते वह्या लिहायचे. रेखाटनं, विचार, शंका, सगळं. १९९० साली त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक आलं, चित्र सुचतं कसं याबद्दल. १९९५ला ते गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा चित्रांच्या सोबत त्यांच्या वह्याही मांडल्या होत्या. म्हणजे मुलगी रात्री वहीत काहीबाही खरडत बसली तर तिला भांडी घासायला उठवण्याआधी जरा बघा ती काय करतेय. (भांडी नंतर घासू द्या. तीही घासलीच पाहिजेत.)

वही महागाची लागत नाही. आमच्या मुलीने जुन्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांना दाभणाने शिवून वही केली. पानावर तारीख आणि जागा मात्र हवीच.

जानेवारीत आम्ही सातआठ जणी तिच्यासोबत कोंडाण्याच्या लेण्यांना गेलो. कर्जतहून कोंदिवडे, तिथून रानातली पायवाट, वर राजमाचीचा डोंगर. आपण सगळ्या लहानपणी पावसात धबधब्यासाठी गेलेल्या, लेण्यांकडे कुणी नीट पाहिलेलं नाही. ही बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. मुलीने आम्हाला खाली बसवलं आणि म्हणाली, दहा मिनिटं बोलायचं नाही, फक्त बघायचं, आणि मग प्रत्येकीने एक प्रश्न विचारायचा. आमच्या त्या मोठ्या ताईंनी विचारलं, “दगडाला कशाला पाहिजेत वासे आणि कठडे? दगड काय पडणार आहे?”

किती नेमका प्रश्न! चैत्याच्या दर्शनी भागावर कमानी, कठडे, जाळ्या कोरलेल्या आहेत, सगळं लाकडी बांधकामासारखं. डोंगर कोरला तर या कशाचीच गरज नसते. तेव्हाच्या कारागिरांना इमारत म्हणजे लाकडाची हेच माहीत होतं, म्हणून त्यांनी दगडातही लाकूडच कोरलं. ती लाकडी घरं आता कुठेच उरलेली नाहीत, पण ती कशी दिसायची ते या दगडावरून कळतं. पुस्तकात जे अभ्यासकांनी लिहिलंय, तिथपर्यंत आमच्या चौथी शिकलेल्या ताई नुसत्या बघून पोचल्या.

तिथेच एका मोठ्या मूर्तीचा भंगलेला भाग आहे आणि त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली. आपल्याला ती वाचता येत नाही, पण अभ्यासकांनी तिचा अर्थ लावलाय. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, असा. कण्ह म्हणजे कृष्ण. आपल्या कर्जतच्या डोंगरात काम करणाऱ्या एका शिकाऊ हाताने आपलं नाव लिहिलं, आणि आधी गुरूचं लिहिलं. मुलगी त्या ओळीसमोर बराच वेळ उभी होती. मग तिने वहीत ठाकरवाडीतल्या आजींचं नाव लिहिलं आणि त्याखाली स्वतःचं. आम्ही काही बोललो नाही.

आता ज्यांच्या मुली या वाटेला जाऊ बघतायत त्यांच्यासाठी थोडी माहिती. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा देऊन ठेवाव्यात. बीएफए बारावीनंतर, चार वर्षांचं. त्याला प्रवेश परीक्षा असते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशी कामं करावी लागतात. नियम आणि तारखा बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक बघूनच फॉर्म भरा, एजंटला पैसे देऊ नका. मुलींनी हे शिकणं नवं नाही. अंबिका धुरंधर जे. जे.मधून चित्रकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या ते १९३१ साल होतं.

बघण्यासाठी मुंबई लांब नाही. कर्जत लोकलने भायखळ्याला उतरलं की राणीच्या बागेजवळ भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तिथे जुन्या काळच्या माणसांची आणि कामधंद्यांची मातीची छोटी मॉडेल्स आहेत. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट लागत नाही. मुलींना एकटं जायला संकोच वाटतो, आत इंग्रजी बोलणारे लोक असतात म्हणून. एकदा आपण सोबत जावं. आम्ही गेलो होतो, कुणी हटकलं नाही. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात जिल्ह्याचं गॅझेटिअर मागून बघा. त्यात शेती, अवजारं, जमाती यांची जुनी वर्णनं असतात. ती साहेबाच्या नजरेने लिहिलेली आहेत, हे मात्र मुलीला सांगा, आणि ‘कान’ची खूण करायला सांगा.

आईने चित्र बघून ‘छान आहे’ म्हटलं की मुलीचं काम पुढे सरकत नाही. ‘हे असं का काढलंस?’ किंवा ‘हे कुणी सांगितलं?’ असं विचारा. आपल्याला चित्रातलं कळत नाही म्हणून गप्प बसू नका. कोंडाण्याच्या ताईंना काय कळत होतं?

मुलीने शेवटी काय काम दिलं तेही सांगतो. युरियाच्या गोण्या आणि लावणीला वापरलेला निळा प्लास्टिकचा कागद कापून तिने पट्ट्या केल्या आणि सहाकोनी विणीत वाकलेल्या पाठीएवढं इरलं विणलं. पानं नाहीत, आतून उजेड येतो. भिंतीवर टांगलं नाही, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर ठेवलं, म्हणजे बघायचं तर वाकावं लागतं. सोबत वही ठेवली. सरांनी यावेळी काम ठेवून घेतलं, आणि वरून आणखी तीन प्रश्न लिहून दिले. त्यातला एक असा, की यातून पाणी थांबतं का? ते तिने करून पाहिलेलं नव्हतं. या पावसाळ्यात करणार आहे.

कर्जाचे हप्ते वेळेवर येतायत, नऊ राहिलेत. पुढच्या महिन्याच्या बैठकीला ती वही घेऊन येणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुनं इरलं, मोडकं का असेना, असेल तर टाकू नका. गटाच्या सचिवांकडे निरोप द्या, कुणी विणलं, कोणत्या सालचं, एवढं आठवलं तर चिठ्ठीवर लिहून बांधा. मुलगी बघायला तुमच्या घरी येईल, आणि परत देऊन जाईल.